विनीताताईंचं मडकं

विनीताताई इंगळे बोलायला लागल्या की समोरच्याने चहाचा कप जरा लांब सरकवून ठेवावा, कारण त्यांचे हात बोलण्याच्या पुढे धावतात. मूळच्या महूच्या. आजोबा पलटणीत, वडील रेल्वेत, आणि घरची शिस्त अशी की जेवताना कुणी तोंडातून अवाक्षर काढत नसे. तेव्हा राहून गेलेलं सगळं ताई आता पन्नाशीनंतर बोलून घेतायत, असं त्यांच्या ऑफिसातली मंडळी म्हणतात. ऑफिस म्हणजे इंदूरच्या खजराना चौकाजवळ, मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दुपारी खालून जिलबीच्या तुपाचा वास आला की कुणाचं कामात लक्ष लागत नाही. काम मात्र मोठं आहे. पोरं नशेच्या वाटेला लागायच्या आत त्यांच्यापर्यंत पोचायचं. आणि ताईंच्या वाट्याला त्याहून अवघड काम आहे, ते म्हणजे हे काम करणारी नवी माणसं घडवायचं.

त्याआधी बरीच वर्षं त्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होत्या. तिथे माणसं यायची ती सगळं हातचं घालवून. ताईंना एक सवय लागली होती, जो येईल त्याला विचारायची, पहिल्यांदा का प्यायलास? एकदा एकाच गल्लीतले दोन शाळासोबती थोड्या दिवसांच्या अंतराने भरती झाले. पहिला म्हणाला, "तो पीत होता ना, म्हणून." दुसऱ्याला विचारलं, तर तोही म्हणाला, "तो पीत होता म्हणून." ताई चार्ट हातात धरून कॉरिडॉरमध्ये तशाच उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळी त्यांनी घरी येऊन नवऱ्याला ही हकिगत इतक्या वेळा सांगितली की शेवटी तो म्हणाला, तू ती नोकरी सोड आणि त्या पोरांना प्यायच्या आधी गाठ, पण मला जेवू दे. ताईंनी खरंच सोडली.

नव्या मुलामुलींना त्या पहिल्याच दिवशी सांगतात की कवटीचं पोस्टर लावायचं नाही. काळ्या पडलेल्या फुप्फुसाचा फोटो दाखवायचा नाही. "घाबरवायचं काम भुताच्या पिक्चरवाल्यांचं, आपलं नाही," असं म्हणताना त्यांचा हात हमखास कशावर तरी आपटतो. एका उत्साही पोराने एकदा शाळेत टेबल मांडून ओळखा आणि टाळा असं प्रदर्शन भरवलं होतं. सुट्टीत दोन मुलं त्याच्याकडे आली आणि हे कुठल्या दुकानात मिळतं म्हणून विचारायला लागली. ही गोष्ट ताई प्रत्येक नव्या तुकडीला रंगवून सांगतात आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसतात.

त्यांचं हत्यार म्हणजे एक मडकं. गल्लीतली पोरं जमवायची. आधी सगळ्यांसमोर विचारायचं, अमुक दिवशी आपल्यातले किती जण पिणार असं वाटतं? उत्तर ठरलेलं असतं, सगळेच. मग प्रत्येकाच्या हातात एक पांढरा वाटाणा आणि एक काळा हरभरा द्यायचा. मनापासून प्यायची इच्छा असेल तर हरभरा, नसेल तर वाटाणा, मूठ झाकून मडक्यात टाकायचा आणि उरलेला खिशात घालायचा. कुणी कुणाचं पाहायचं नाही. शेवटी मडकं परातीत उलटं करायचं. बहुतेक वेळा परात पांढरी दिसते आणि पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

पण हे बहुतेक वेळाच होतं. कधी काळ्याचाही ढीग पडतो. तेव्हाही परात झाकायची नाही, हसत उभं राहायचं आणि तिथून बोलणं सुरू करायचं. हे धाडस शिकवायला ताईंना महिने लागतात. आणि ते शिकून झालं की पोरं बँकेत, कुठल्या कंपनीत, बंगळुरूला निघून जातात. निरोपाला केक कापतात, ताई हसतमुखाने खातात, आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर कुणाशी धड बोलत नाहीत. एक तरी टिकावा, आपल्यानंतर हे मडकं उचलणारा एक तरी असावा, हीच एक गोष्ट त्यांना हवी होती.

मग श्रेया आली.

श्रेया वाघमोडे, छत्रीबागेतली, नुकतीच समाजकार्याची पदवी घेतलेली. पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते म्हणे. घरात आता एक स्कूटी तेवढी. पण पोरगी अशी की पोरांच्या घोळक्यात जाऊन बसली की घोळका तिचाच होऊन जायचा. पहिल्या महिन्यात ताईंनी तिला एका कोचिंग क्लासबाहेरच्या टपरीवर नुसतं बसून ऐकायला सांगितलं होतं. दुसरे शिकाऊ तिथे मोबाइल बघत बसायचे. श्रेया परत आली ती सांगत की पहिली सिगरेट मागणारा कधीच सिगरेट मागत नाही, तो मित्राला म्हणतो, एक कश दे ना. ताई खुर्चीतून उठल्याच. त्या दिवशी खालून अर्धा किलो जिलबी वर आली.

होळी जवळ आली तशी ताईंच्या डोक्यात एकच विषय. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग खेळत निघणारी मिरवणूक. सगळं इंदूर राजवाड्यासमोर लोटतं, टँकरमधून रंगाचे फवारे उडतात, आणि त्याच सकाळी कितीतरी पोरं पहिल्यांदा भांग किंवा बिअर तोंडाला लावतात. श्रेयाच्या गल्लीतली टोळीही दरवर्षी जायची. गेल्या वर्षी नववी-दहावीतल्या दोघांना उचलून घरी आणावं लागलं होतं. गल्लीतले सगळ्यात ज्येष्ठ दौलतराव त्या दिवसापासून वैतागले होते. त्यांनी देवळाची ओसरी सभेला द्यायचं कबूल केलं.

"पहिली सभा तू घ्यायची," ताई श्रेयाला म्हणाल्या.

"माझ्याच गल्लीत? ताई, तिथे मला अजून बेबी म्हणतात. कोण सीरियसली घेणार?"

"अरे यार, म्हणूनच तर. आणि मी येते ना."

"तुम्ही या, पण बोलायचं नाही. एक शब्द पण नाही. प्रॉमिस करा."

"मी कशाला बोलीन?" ताई म्हणाल्या, आणि दोन्ही खोल्यांतली माणसं खो खो हसली.

तो आठवडा ताईंचा पाय जमिनीवर नव्हता. जो भेटेल त्याला सांगायच्या, बघाच माझी श्रेया काय करते ते. भोपाळच्या मुख्य ऑफिसातल्या मोठ्या मॅडमना फोन करून कळवलं. मिठाईवाल्यालाही सांगितलं, तर तो म्हणाला, सभा झाली की पेढे माझ्याकडूनच घ्या. श्रेया शेजारी बसून हे सगळं ऐकायची आणि दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. ताईंना वाटलं, पोरगी मनातल्या मनात तयारी करतेय.

सभेच्या संध्याकाळी ओसरी भरली. पुढे पोरं, एका बाजूला चार-पाच मुली, मागे खांबाला टेकून दौलतराव आणि त्यांच्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत विनीताताई, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. श्रेया उभी राहिली आणि ताईंच्या अंगावर काटा आला, इतकी ती सहज बोलत होती. गेरच्या गोष्टी काढल्या, कोणाचा शर्ट कुठे फाटला ते काढलं, पोरं खिदळायला लागली. मग तिने विचारलं, यंदा किती जण पिणार असं वाटतं?

"सब के सब, दीदी," यशवर्धन म्हणाला. दौलतरावांचा नातू, अकरावीतला, टोळीचा म्होरक्या. "आपल्या ग्रुपमध्ये कोण नाही पीत ते सांगा."

दाणे वाटले गेले. श्रेयाने मडकं फिरवलं, एकेक मूठ आत जाऊन रिकामी बाहेर आली. मग तिने परात मध्ये ओढली आणि मडकं उलटं केलं. वाटाणेच वाटाणे. पांढरी शुभ्र परात, मध्ये कुठेतरी काळे ठिपके. पोरांनी आ वासला, मुलींनी टाळ्या वाजवल्या, दौलतरावांनी चष्मा काढून पुसला.

ताईंचे हात मात्र मांड्यांखालून निघालेच नाहीत. इतकी वर्षं त्यांनी ती परात पाहिली होती. एवढ्या थोड्या पोरांच्या मुठींतून एवढे दाणे पडत नाहीत. त्यांनी श्रेयाकडे पाहिलं. श्रेया त्यांच्याकडे बघत नव्हती. पोरीने आधीच मूठभर वाटाणे मडक्यात टाकून ठेवले होते.

टाळ्या थांबता थांबता यशवर्धन परातीवर वाकला.

"दीदी, एक मिनट. आपण तर इतकेसे आहोत. ही तर पूर्ण गल्लीची उसळ झाली."

हशा झाला, मग तो हशा हळूहळू विरला आणि सगळे श्रेयाकडे बघायला लागले. श्रेयाने ताईंकडे पाहिलं. त्या क्षणी ताईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं. मागच्या सभेचे दाणे तळाला राहिले असतील, मडकं झटकायला मीच विसरले. किती सोपं होतं. पोरगी वाचली असती, सभा वाचली असती, भोपाळच्या मॅडमना फोन करता आला असता. आणि बोलल्या नाहीत, तर ही पोरगी आपल्याच गल्लीत, आपल्याच माणसांसमोर खोटी ठरणार आणि पुन्हा ऑफिसची पायरी चढणार नाही, हे त्यांना लख्ख दिसत होतं. पण या पोरांना एकदा खोटा वाटाणा दाखवला, तर पुन्हा खरा दाखवून उपयोग नाही, हेही दिसत होतं. ताईंनी ओठ घट्ट मिटले. आयुष्यात गप्प बसायला इतका त्रास त्यांना कधी झाला नव्हता.

"मी टाकले," श्रेया म्हणाली. "घरूनच टाकून आणले होते. मी घाबरली होती रे. वाटलं, सगळे काळेच निघाले तर? मग माझं कोण ऐकणार?"

दौलतराव रागाने उठायला लागले. "बेबी, देवळात बसून असं," एवढं त्यांनी म्हटलं, तोच यशवर्धनने हात वर केला.

"बाबासाहेब, बसा ना. दीदी, तुम्हाला पण वाटलं सगळे पिणारच?"

"हो," श्रेया म्हणाली. "मला पण तेच वाटलं."

पोरांमध्ये कुजबुज झाली. मग यशवर्धनने मडकं स्वतःच उचललं, आत तोंड घालून पाहिलं, उलटं करून बुडावर दोन थापा मारल्या आणि सगळ्यांना दाखवलं. "खाली है. फिर से करते हैं. खिशातले दाणे काढा, नवीन पण घ्या, प्रत्येकाच्या हातात दोन्हीतला एक-एक पाहिजे. आणि मटका आता आमच्याकडे राहील, दीदी, बुरा मत मानना."

परात रिकामी करून मडकं पोरांनीच फिरवलं. या वेळी कुणी खिदळलं नाही. मूठ आत घालताना प्रत्येक जण मान वळवून बसत होता, एकाने तर डोळेच मिटले. मडकं परातीत उलटं झालं. ढीग लहानसाच पडला आणि या वेळी त्यात काळे दाणे स्पष्ट दिसत होते. पण पांढरे जास्त होते. कितीतरी जास्त. पोरांनीच बोटांनी ते वेगळे केले, पुन्हा पुन्हा मोजले, एकाने मोजलेलं दुसऱ्याला पटेना. मग सगळे एकदम बोलायला लागले, तू पण? अरे तू तर म्हणायचास, मी तर तुझ्यामुळे म्हणत होतो, भिया तू झूठा आहेस. मुली वेगळ्याच हसत होत्या.

गेल्या वर्षी उचलून आणावा लागलेला एक जण परातीपाशी बसला होता. तो हळूच म्हणाला, "मग मागच्या साली आपण कोणासाठी प्यायलो?"

ताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. केंद्रातले ते दोन शाळासोबती याच वयाचे असताना त्यांच्यासमोर ही परात कुणी मांडली असती तर, असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी आनंदाने वळून श्रेयाला शोधलं, तर श्रेया ओसरीच्या पायऱ्या उतरून चालली होती. ताई मागे धावल्या. गल्लीच्या टोकाला स्कूटीचा लाल दिवा तेवढा दिसला.

त्यानंतर श्रेया ऑफिसात आली नाही. फोन लागत नव्हता. ताईंनी एक लांबलचक मेसेज लिहिला, तो स्वतःलाच भाषणासारखा वाटला म्हणून पुसला. दुसरा लिहिला, त्यात माया फार झाली, तोही पुसला. मिठाईवाल्याने पेढ्यांचं विचारलं, तर त्याच्यावर विनाकारण डाफरल्या. आपणच गावभर डंका पिटून पोरीच्या डोक्यावर ओझं ठेवलं, हे त्यांना आता कळत होतं. धाडस शिकवायला निघालो आणि तिला हरायची जागाच ठेवली नाही, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. त्या बिचाऱ्याने त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

रंगपंचमीला ताई राजवाड्याजवळ गेल्याच. आठवड्याभराची उदासी पहिल्या फवाऱ्यातच धुऊन निघाली. वर गुलालाचे ढग, खाली माणसांचा पूर, ढोल इतके जवळ की दातांत वाजतायत. ताई एका बंद दुकानाच्या ओट्यावर चढून मान उंचावत होत्या. आणि दिसली. छत्रीबागेची टोळी. एका लोडिंग रिक्षावर स्पीकर, पुढे यशवर्धन नाचतोय, नाचतोय म्हणजे सरळ पायांवर नाचतोय. एक-दोघं जरा झुलत होते, ते ताईंच्या नजरेतून सुटलं नाही. काळे दाणे कुठे जाणार? पण बाकीची सगळी टोळी लख्ख शुद्धीत होती, डोळे चमकत होते, आणि गेल्या वर्षी उचलून आणलेला तो पोरगा रिक्षाच्या टपावर उभा राहून सगळ्यांच्या डोक्यावर पिचकारी मारत होता. ताई ओट्यावरच नाचायला लागल्या.

"मॅडमजी," यशवर्धन ओरडत आला आणि त्याने त्यांना डोक्यापासून हिरवं करून टाकलं. "मटकेवाली दीदी कुठाय? तुमच्यासोबत नाही आली?"

"मला वाटलं तुमच्यासोबत असेल."

"नाही ना. घरातच असते. आम्ही बोलवायला गेलो, तर आई म्हणाली, बाजारात गेलीय." ढोल पुन्हा वाजायला लागला आणि तो पळाला. ताई हसत राहिल्या, पण घरी परतताना रिक्षात त्यांच्या लक्षात आलं की सभेचं यश त्यांना मिळालं होतं आणि हवं होतं ते मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसला पोचल्या तेव्हा कानामागे हिरवा रंग तसाच होता. जिना चढताना वरच्या पायरीवर कुणीतरी बसलेलं दिसलं. श्रेया होती. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

ताईंचा श्वास चढला होता, जिन्याने आणि बाकीनेही. राजीनामा द्यायला आली असेल तर काय बोलायचं, हे त्यांनी रात्री ठरवून ठेवलं होतं. ते आता आठवेना.

"ताई," श्रेया उठून म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मला वाचवू शकत होत्या ना?"

"हो."

"मला दिसलं. तुम्ही तोंड उघडलं होतं. मग बंद केलं." तिने हातातली गुंडाळी सरळ केली. "पहिले मला खूप राग आला. नंतर मी सोचत बसली की त्या पोरांसमोर परत कशी जाऊ. मग कृष्णपुऱ्याकडच्या कुंभारांकडे गेली. सगळे मटके हात घालून-घालून बघितले. कुंभारबाबा बोलले, बाई, खरीदना है या डॉक्टरी करनी है?"

तिने वर्तमानपत्र सोडवलं. आत सुरई होती. मातीची, लालसर, पोट मोठं आणि मान अगदी अरुंद.

"हिच्यात मूठ जातच नाही, ताई. एक-एकच दाणा जातो. कोणी कितीही घाबरलं तरी." तिने नाक पुसलं. "पुढची गल्ली कोणती आहे आपली?"

विनीताताईंनी सुरई हातात घेतली. मूठ वळून तिच्या तोंडाशी लावून पाहिली. बांगड्या मातीवर खणकल्या, मूठ बाहेरच राहिली. मग त्या खाली वाकल्या आणि जिन्यावरून मिठाईवाल्याला हाक मारली, पेढे वर पाठव म्हणून.